चालू राउटरातील कार्डबदल : एक अभ्यासलेख



बाजार ऐन भरात असताना तराजूचे एक पारडे काढून दुसरे लावावे आणि तरीही एकाही गोणीचे माप चुकू नये, असे कोणी म्हटल्यास आपण त्यास वेड्यात काढू. परंतु ज्या यंत्रांवरून आज आपले बँकेचे व्यवहार आणि परगावचे भाव ये-जा करतात, त्या यंत्रांत असा प्रकार नित्य घडत असतो. त्यामागील योजना समजून घेणे प्रत्येक पेढीस हितावह आहे.

राउटर म्हणजे माहितीच्या मार्गावरील अडत्याच होय. आलेल्या पुडक्यावरील पत्ता वाचावा आणि ते योग्य दाराने पुढे धाडावे, हे त्याचे काम. मोठ्या राउटरात ही दारे निरनिराळ्या कार्डांवर बसविलेली असतात, आणि ती कार्डे कपाटाच्या खणांप्रमाणे असलेल्या जागांत सरकवून मागील सामाईक फळीस जोडतात. एखादे कार्ड बिघडले म्हणून सर्व यंत्र बंद करावे, तर शेकडो ग्राहकांचे काम खोळंबते. म्हणून यंत्र चालू ठेवूनच कार्ड बदलण्याची सोय निघाली. लहान राउटरांत मात्र ती सहसा नसते. तेथे आधी वीज बंद करावी लागते.

उदाहरणादाखल सिस्को कंपनीची १९९५ साली आलेली ७५०० ही मालिका घेऊ. ती आता जुनी झाली असली तरी तत्त्व समजण्यास उत्तम आहे. तिच्या कार्डांच्या जोडणीतील पिना ३ वेगवेगळ्या लांबीच्या असत. कार्ड आत सरकविताना सर्वांत लांब पिना प्रथम टेकत व सर्वांत आखूड शेवटी. काढताना क्रम उलटा. कोणत्या पिना केव्हा टेकल्या वा सुटल्या, या क्रमावरूनच यंत्र ओळखी की, कोणी कार्ड बसवीत आहे की काढीत आहे. म्हणूनच कार्ड अर्धवट बसवून सोडणे घातक. संकेत अपुरा राहिला की यंत्राचा गोंधळ उडतो, आणि शेजारच्या निर्दोष कार्डांचेही काम अडू शकते.

कार्ड निघताच यंत्र त्यावरील दारे बंद झाल्याची नोंद करते, त्या दारांचे मार्ग आपल्या यादीतून काढते आणि शेजारच्या राउटरांस तसे कळविते. दुसरा मार्ग असेल तर माल तिकडून जातो. नसेल तर थांबतो.

नवे कार्ड बसल्यावर काय होते, हा खरा महत्त्वाचा भाग. दारांविषयीची आज्ञापत्रके कार्डावर नसून मुख्य यंत्राच्या स्मृतीत असतात. मुनीम बदलला तरी खतावणी पेढीतच राहावी, तशी ही रीत आहे. कार्ड पूर्वीच्याच जातीचे असेल तर यंत्र जुनी खतावणी उघडून त्याची दारे पूर्ववत् चालू करते. जात निराळी असेल तर मात्र नवी दारे बंदच ठेविली जातात आणि अधिकृत माणसाने आज्ञा दिल्याखेरीज उघडत नाहीत. शिवाय ७५०० मालिकेत दारांचे ओळखक्रमांक कार्डास नव्हे, खणास नेमून दिलेले असत. गाळ्याचा क्रमांक कायम, भाडेकरू बदलला तरी चालेल, असाच हा न्याय. त्यामुळे कार्ड बदलले तरी शेजाऱ्यांस नवी ओळख करून घ्यावी लागत नसे.

कारागिराने पाळावयाचे नियमही ठरलेले आहेत. अंगातील स्थिर विजेने कार्ड बिघडू नये म्हणून मनगटास जमिनीशी जोडलेला पट्टा बांधावा. एका वेळी एकच कार्ड हलवावे, आणि दुसऱ्यास हात लावण्यापूर्वी निदान १५ सेकंद थांबावे. शेवटी दिव्यावर विसंबू नये. कारण कार्डावरील दिवा कार्ड जागे झाले एवढेच सांगतो, त्याची दारे उघडली असे सांगत नाही.

हा शेवटचा नियम मजला पैसे मोजून शिकावा लागला. २०१९ च्या हंगामात एके सकाळी आमच्या पेढीची जोडणी तुटली. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री पटल्याविना माल सोडावयाचा नाही, हा आमचा शिरस्ता. सबब तुरीच्या दोन गाड्या भरून दिवसभर दारात उभ्या राहिल्या, हमालांची मजुरी अंगावर पडली आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने बोल लावला. मागाहून कळले ते असे की, सेवा देणाऱ्यांच्या कारागिराने पहाटे बिघडलेल्या कार्डाच्या जागी निराळ्या जातीचे कार्ड बसविले होते. दिवा लागलेला पाहून तो समाधानाने निघून गेला. दारे मात्र बंदच होती. चूक त्याची खरी. परंतु दुसरी जोडणी न ठेवणारा मी, तोही निर्दोष नव्हतो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. पेढीवर दुसऱ्या सेवेची जोडणी ठेविली आहे आणि दर महिन्यास एक दिवस तिच्यावरच काम करून ती चालते याची खात्री करून घेतो. आणि दुरुस्ती झाली असा निरोप आला की, त्या माणसास निरोप देण्यापूर्वी एक व्यवहार प्रत्यक्ष करून पाहतो. काटा दुरुस्त झाल्यावर ज्ञात वजन ठेवून पाहिल्याविना आपण माप घेत नाही. येथेही तोच न्याय लावावा, इतकेच माझे सांगणे आहे.