बॅटरी का गोठते? थंड प्रदेशात गाडी पाठवण्याआधी काय तपासायचं?

मीटर कसा लावायचा ते व्हिडिओत दाखवलंय. इथे त्यामागचं गणित आणि माझी एक चूक लिहितोय. बॅटरीचं दुकान, गॅरेज किंवा टूर-ट्रॅव्हल यापैकी कशातही उतरणार असाल तर वही घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा एक नाशिकचा ग्राहक सात सीटर गाडीत प्रवासी घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला निघाला. आदल्या संध्याकाळी दुकानात आला. "भाऊ, बॅटरी बघ जरा." मी मीटर लावला, 12.7 व्होल्ट. सेल्फ एका झटक्यात. "बिनधास्त जा," म्हणालो.

आठवड्याने काझाहून फोन आला. बर्फामुळे गाडी तीन रात्री उभी होती, सेल्फ लागत नव्हता. तिथल्या मिस्त्रीने बॅटरी काढली तर डबा फुगलेला, आत बर्फ. दुसरी बॅटरी मिळेपर्यंत प्रवाशांचं परतीचं विमान चुकलं. तिकिटांचे पैसे त्याने भरले, बॅटरीचे मी. पण त्याचे ते प्रवासी पुन्हा आले नाहीत. हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

गोठते कशी?

बॅटरीत सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि पाणी असतं. चार्ज उतरतो तसं अ‍ॅसिड प्लेटांमध्ये शोषलं जातं आणि उरलेलं द्रावण पातळ, म्हणजे पाण्यासारखं होत जातं. म्हणून:

- फुल चार्ज (12.6 ते 12.7 व्होल्ट): उणे 50 अंशांच्याही खाली गोठते
- अर्धी चार्ज (12.2 च्या आसपास): साधारण उणे 25
- पूर्ण उतरलेली (11.9 च्या खाली): उणे 7 ते 10 लाच

काझाला जानेवारीत रात्री पारा उणे 20 पर्यंत जाणं नेहमीचंच. म्हणजे फुल चार्ज बॅटरी तिथेही गोठत नाही. थंडी एकटी बॅटरी मारत नाही, उतरलेला चार्ज मारतो.

मी कुठे चुकलो?

एक, गाडी नुकतीच चालवून आणलेली होती. अशा वेळी मीटर खोटं सुखावतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजायला हवं होतं. दोन, बॅटरी चार वर्षांची होती आणि मी लोड टेस्ट केलीच नाही. तीन, डॅशकॅम थेट बॅटरीला जोडलेला होता, ते मी विचारलंच नाही. असा कॅमेरा 0.3 अँपिअर खात असेल तर 72 तासांत 21-22 अँपिअर-अवर जातात. लेबलवर 65 लिहिलेल्या जुन्या बॅटरीत खरे 35 च उरले असतील, तर शिल्लक काय राहणार? बघा हिशोब करून.

आता ग्राहकाला काय सांगतो?

1. निघण्याआधी बॅटरी चार्जरवर फुल करून घ्या. टर्मिनल साफ आणि घट्ट हवेत.
2. मुक्कामी डॅशकॅम, ट्रॅकर बंद करा. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, किंवा बॅटरी खोलीत न्या. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. नव्या गाड्यांत आधी मॅन्युअल बघा.
3. पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करू नका. सेल्फने खाल्लेलंही तेवढ्यात भरून निघत नाही.
4. डिस्टिल्ड वॉटर टाकलं तर गाडी चालवा किंवा चार्ज करा. न मिसळलेलं पाणी वर राहतं आणि आधी गोठतं.
5. गोधडी टाकल्याने बॅटरी हळू गार होते, गरम होत नाही. त्या भरवशावर राहू नका.
6. डबा फुगलाय, आत बर्फ दिसतोय? जंप केबल लावायची नाही, चार्जरही नाही. बॅटरी फुटू शकते. ती खोलीत हळूहळू वितळू द्या. डब्याला तडा असेल तर ती भंगारातच.

धंद्याचा धडा

आपल्या निफाडला कडाक्याची थंडी पडते, महाबळेश्वरला दवबिंदू गोठतात, पण बॅटरी गोठेल एवढी थंडी तिथे नसते. इथल्या ग्राहकाला "थंडीचं जॅकेट" विकू नका. आपल्याकडे बॅटरीचं आयुष्य उन्हाळा खातो. उलट लांब थंड प्रदेशात जाणाऱ्याला मोफत "बघून" देऊ नका. रात्रभर गाडी ठेवा, लोड टेस्ट करा, आकडे कागदावर लिहा, सही करा आणि त्याचे रीतसर पैसे घ्या. बीबीएला आम्हाला ग्राहक-समाधानावर अख्खा पेपर होता. पण "बिनधास्त जा" या दोन शब्दांची किंमत मला काझाच्या फोनने शिकवली.

गृहपाठ: तुमच्या धंद्यात तुम्ही न मोजता कुठे "बिनधास्त" म्हणता? अशा तीन जागा आज लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर एक मोजमाप लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!