अभ्यासिकेत कोण बसलंय? फलक लावायचा तर किती खर्च येतो

पांढुर्णा आणि सौंसरकडची मुलं ट्यूशन लावतात तशी आता 'लायब्ररी लावतात'. या लायब्ररीत पुस्तकं नावालाच असतात. भाड्याचा हॉल, पंखे किंवा कूलर, वायफाय, प्रत्येकाला प्लायवूडच्या आडोशाची एक खुर्ची, आणि सकाळी सहापासून रात्री दहा-अकरापर्यंत पोलीस भरती, पटवारी, एमपीपीएससी नाहीतर नीट. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. सरकारी नोकरीची स्वप्नं त्याआधीपासूनच होती, पण नवी कलेक्टर कचेरी रोज डोळ्यासमोर दिसायला लागल्यावर ती जरा जवळची वाटू लागली.

अशी अभ्यासिका चालवणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतंच की दारात एक फलक असावा. कोणती खुर्ची भरली, कोणती रिकामी, कोण आत आहे, कोण जेवायला गेलंय, हे येणाऱ्याला लगेच दिसावं. विचारायला फोन येतात ते थांबावेत, पालकांना खात्री पटावी. मागणी रास्त आहे. मात्र दुकानदार या कामासाठी दीड हजारापासून चाळीस हजारांपर्यंत कुठलाही आकडा सांगू शकतो आणि प्रत्येक आकड्याला त्याच्याकडे कारण असतं. म्हणून आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पडदा स्वस्त असतो, नोंद महाग असते. मुलगा आत आला हे कुणीतरी किंवा कशानेतरी टिपलं पाहिजे आणि बाहेर गेला हेही टिपलं पाहिजे. दुसरी नोंद हुकली की पंचेचाळीस इंची टीव्हीसुद्धा खोटंच दाखवतो.

खालचे आकडे बाजारातल्या साधारण भावांचे अंदाज आहेत. ब्रँड आणि घासाघीस यांप्रमाणे ते शे-पाचशेनं, कधी हजार-दोन हजारांनी हलतील.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जाणारा मार्ग म्हणजे चकत्यांचा फलक. गिरण्यांत कामगारांचे बिल्ले खिळ्याला टांगले जायचे, तीच पद्धत. 12 मिलिमीटरच्या प्लायचा चार फूट बाय तीन फूट तुकडा घ्या, त्यावर ऑइल पेंट, आणि ओळीनं पितळी हुक. प्रत्येक हुकाखाली खुर्चीचा नंबर. चकती प्लास्टिकची किंवा अ‍ॅक्रिलिकची, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवी, दोन्हीकडे तोच नंबर. मुलगा आला की चकती उलटून लाल करतो, जाताना हिरवी. जेवायला गेला तर? त्यासाठी पिवळी गोल टिकली वेगळी ठेवा, ती चकतीवर अडकवायची. प्लाय, रंग, हुक, पन्नास चकत्या आणि पेंटरची मजुरी मिळून 1,800 ते 2,800 रुपयांत काम होतं. वीज लागत नाही, रिचार्ज नाही, पासवर्ड विसरायची भीती नाही. विसरलेल्या चकत्या रात्री कुलूप लावणारा माणूस एका नजरेत सरळ करतो. चकतीला भोक मात्र वरच्या कडेपासून किमान अर्धा सेंटिमीटर आत पाडायला सांगा, नाहीतर दोन महिन्यांत कड तुटून चकत्या खाली पडू लागतात.

याची मर्यादाही उघड आहे. घरी बसलेल्याला हा फलक दिसत नाही आणि कुणी किती तास बसलं याचा हिशेब राहत नाही. तो हवा असेल तर पुढे जा.

पुढची पायरी म्हणजे टीव्ही, एक जुना लॅपटॉप आणि फुकटातली ऑनलाइन स्प्रेडशीट. 32 इंची टीव्ही 10,000 ते 13,000 रुपये, भिंतीचा ब्रॅकेट 300 ते 500, पाच मीटरची एचडीएमआय केबल 300 ते 400, वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस 1,200 ते 1,500, वायरमनचे 500 ते 800. लॅपटॉप घरात पडून असेल तर साडेबारा ते सोळा हजारांत भागतं. जीएसटी या भावांत धरलेला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे 43 इंची घ्यायचा मोह आता जास्त होतो. अभ्यासिकेच्या दारात माणूस सहा फुटांवरून बघतो, तिथे 32 इंच पुरतात.

शीटची मांडणी अवघड नाही. एका पानावर नोंदी, प्रत्येक ओळीत वेळ, खुर्ची नंबर आणि 'आत' किंवा 'बाहेर'. दुसऱ्या पानावर खुर्च्यांचा चौकोनी नकाशा, हॉलमध्ये त्या जशा मांडल्यात तशाच. प्रत्येक चौकोनात त्या खुर्चीचे आजचे 'आत' मोजून त्यातून 'बाहेर' वजा करायचे. उत्तर एक आलं तर चौकोन लाल, शून्य आलं तर हिरवा. बी.कॉम.चा कुठलाही मुलगा हे एका दुपारी करून देईल, आणि त्याची एक महिन्याची फी माफ केली तर दोघंही खूश. लॅपटॉपवर शीट थेट लॉगिन करूनच उघडी ठेवा. 'वेबवर प्रकाशित' करून मिळणारी लिंक टीव्हीच्या ब्राउझरमध्ये लावली तर बदल दिसायला पाच-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात दोघं एकाच खुर्चीसाठी भांडतात.

नोंद करायची कशी, यात पैशापेक्षा अक्कल लागते. दारावर क्यूआर कोड चिकटवून 'स्कॅन करा आणि बसा' म्हणणं सोपं आहे, पण त्या कोडचा फोटो पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर फिरतो. मग सावरगावात अंथरुणात लोळणारा मुलगाही फलकावर सकाळी सहाला हजर होतो. त्यापेक्षा एक जुना स्मार्टफोन दाराजवळ स्टँडवर साखळीनं अडकवून ठेवा आणि नोंद फक्त त्याच फोनवरून होऊ द्या. रात्री बारा वाजता सगळ्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होतील असं सूत्र टाका. बाहेर जाताना नोंद करायला मुलं विसरतातच, त्यावर उपाय एवढाच.

विजेचा खर्च लोक उगाच घाबरून मोजतात. टीव्ही आणि लॅपटॉप मिळून साधारण 80 वॉट, रोज चौदा तास, महिन्याला 33-34 युनिट. व्यापारी जोडणीचं युनिट आठ रुपये धरलं तर 270 रुपयांच्या आसपास. कूलरसमोर हे काहीच नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीवर टीव्ही टांगणं मात्र टाळा. आपल्याकडचं ऊन पडद्यामागच्या पॉवर सप्लायला सोसत नाही आणि वॉरंटीच्या कागदावर दुकानदार ऊन धरत नाही.

मशीन घ्यायचं का?

इथे दुकानदाराचा आवाज चढतो. बोटाचा ठसा, चेहरा, कार्ड असं सगळं एकाच डब्यात, किंमत 5,000 ते 9,000. कार्डं 15 ते 25 रुपयांना एक. पण हे डबे मुळात पगारासाठी हजेरी साठवायला बनलेले आहेत, पडद्यावर आत्ता कोण आत आहे ते दाखवायला नव्हे. म्हणून पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'यात पुश डेटा आहे का, की पेनड्राइव्ह लावून काढावा लागतो?' पेनड्राइव्हचं मशीन तुम्हाला काल कोण आलं होतं ते आज सांगेल. पुश डेटाच्या मशीनला वायफाय किंवा लॅन केबल लागते आणि बहुतेक वेळा वर्षाचं सॉफ्टवेअर भाडं, 2,000 ते 5,000. टीव्हीचा खर्च धरून पहिल्या वर्षी वीस ते बत्तीस हजार सहज जातात आणि दुसऱ्या वर्षापासून भाडं चालूच राहतं.

हा खर्च निघतो का ते तोंडी हिशेबानं बघा. महिना 500 रुपये फी असेल तर एक खुर्ची वर्षाला 6,000 देते. फलकामुळे दोन खुर्च्या जास्त भरल्या तर 25,000 रुपये वसूल व्हायला पंचवीस महिने लागतात, तेही खुर्च्या बाराही महिने भरलेल्या राहिल्या तर. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की निम्मी मुलं बागेत असतात, पोळा आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार आली की जाम नदीकाठचा हॉल उघडून तरी काय करायचं. चाळीस खुर्च्यांच्या आतल्या हॉलला मशीन परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. साठच्या वर, दोन पाळ्यांत एकच खुर्ची दोघांना देत असाल, तर मात्र ते घ्याच, कारण तिथे वेळेचं भांडण रोजचं असतं आणि चकतीनं ते मिटत नाही.

घ्यायचंच तर कार्डाचं घ्या. बोटाच्या ठशाचा मोह सोडा. अकरावी-बारावीची मुलं अठराच्या आतली असतात आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळणी होईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कार्ड हरवलं तर वीस रुपयांत नवं मिळतं. ठसा एकदा कुणाच्या हाती गेला की तो बदलता येत नाही. प्रवेश अर्जावर संमतीची दोन ओळींची जागा आणि पालकांची सही आत्तापासूनच ठेवा.

याहून मोठी गोष्ट पडद्यावर नाव दाखवण्याची. दाराच्या काचेतून रस्त्यावरून दिसणाऱ्या टीव्हीवर 'खुर्ची 14, आत: 7.10, कुमारी अमुक' असं झळकत असेल, तर रात्री साडेनऊला कोणती मुलगी एकटी बाहेर पडणार हे आपण चौकाला सांगतोय. नाव कधीच नको. फक्त खुर्ची नंबर आणि रंग. पालकांना कळवायचं असेल तर त्यांच्या फोनवर कळवा. तिथेही एसएमएस पॅकेजच्या नादी लागू नका, मोठ्या प्रमाणात एसएमएस पाठवायला दूरसंचार कंपन्यांकडे डीएलटी नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते, छोट्या हॉलला ती कटकट नको. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्यातून एकदा हजेरीचा तक्ता पाठवला तर पुष्कळ झालं.

'सर्वाधिक तास बसलेले पहिले दहा' अशी यादी पडद्यावर टाकायचीही टूम आहे. पहिला महिना उत्साह वाढतो हे खरं. मग मुलं खुर्चीवर मोबाइल बघत बसतात, पण उठत नाहीत, आणि जो सहा तास मन लावून वाचून घरी जातो तो यादीत बाविसावा येतो. यादी लावलीच तर एकूण हॉल किती भरला तेवढं दाखवा, कुणाचा नंबर लावू नका.

रस्त्यावरच्या लोकांना 'रिकाम्या जागा' दाखवणारी लाल अक्षरांची एलईडी पाटीही पुष्कळांना हवी असते. ती पी-10 पॅनेलची बनते. एक पॅनेल 32 सेंटिमीटर रुंद आणि 16 उंच, त्यात 32 बाय 16 ठिपके, किंमत 300 ते 400. तीन रुंद आणि दोन उंच अशी सहा पॅनेल, पॉवर सप्लाय, वायफाय कार्ड आणि लोखंडी फ्रेम मिळून 5,000 ते 6,500. पैसे वाचवायला एकाच ओळीची पाटी घेतली तर सोळा ठिपक्यांत देवनागरी कोंबावी लागते. वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, 'पूर्ण'चं काय होईल ते कल्पनेनं बघा. दोन ओळी उंच घ्या. आणि ही पाटी स्वतःहून आकडा बदलेल असं समजू नका. बहुतेक कार्डं फोनवरून मजकूर पाठवला की तोच दाखवत राहतात. आपोआप आकडा हवा तर वेगळा प्रोग्रामर, वेगळे पैसे.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना 1967 च्या कायद्याखाली वर्गवारीनुसार सरकारी अनुदान मिळतं. नरखेड-काटोलचे ओळखीचे लोक त्याच्या भरवशावर सल्ला देतात. तो कायदा आपल्या बाजूला लागू नाही, आणि खासगी अभ्यासिकेला तर तिकडेही त्याचा उपयोग नाही. खर्च फीमधूनच काढायचा आहे हे धरून चाला.

खरेदीसाठी सीताबर्डीला गेलात तर भाव पाच-दहा टक्के कमी मिळेल, पण वस्तू बिघडली की तीच घेऊन पुन्हा नागपूर. सौंसरहून ते एका दिवसाचं काम आहे, पांढुर्ण्याहूनही, तरी एक दिवस जातोच. टीव्ही गावातल्या दुकानातून घ्या, मशीन नागपूरहून. दोन्हीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड बसवून देणाऱ्यानं जाण्याआधी तुमच्या समोर बदलून तुमच्याच वहीत लिहिलाय ना, ते बघूनच उरलेले पैसे द्या.