काळ्या गाडीवरच्या बारीक रेघा

प्रश्न : घरीच पॉलिश केलं, तरी उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. काय चुकतं?

उत्तर : चूक बहुधा पॉलिशची नसून धुण्याची असते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणं बंद करा. तीच धूळ रंगावरच्या पारदर्शक थरावर ओरखडे काढते. आधी भरपूर पाणी मारा. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी घ्या. धुतल्यावर हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर ती चिकटलेली घाण काढायला क्ले बार (मऊ मातीसारखी वडी) हवाच. पॉलिश सावलीत, पत्रा गार असताना, थोड्या थोड्या भागावर करा. मेण रेघा फक्त झाकतं. पॉलिश थर घासून त्या घालवतं, म्हणून ते वारंवार नको. आणि जमिनीवर पडलेलं फडकं न धुता पुन्हा गाडीला अजिबात लावू नका.