परसातली कोंबडी : लहान जातीची की मोठ्या जातीची?



उसाचं पेमेंट हप्त्याहप्त्यानं येतं, आणि हातात पडायच्या आत सोसायटीकडं, खताकडं आणि पोरांच्या फीकडं वळतं. तेलमीठ, वह्या, औषधपाणी हा बारीक खर्च मात्र रोज दारात उभा. वस्तीवरच्या पुष्कळ घरांत हा खर्च अंड्यांच्या पैशावर भागतो, आणि तो पैसा घरच्या बाईच्या हाती असतो. तेव्हा परसातल्या कोंबड्यांकडे ‘बायकांचा किरकोळ उद्योग’ म्हणून न पाहता, बेणं निवडताना जेवढा विचार करतो तेवढा विचार इथेही करावा, असे आम्हांस वाटते.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की कोंबडी लहान चणीची ठेवावी की मोठ्या अंगाची? मोठी कोंबडी बाजारात डोळ्यांत भरते, म्हणून आपण तिच्याकडे ओढले जातो. पण नुसत्या अंगावर जाऊन चालत नाही. कोंबडीकडून काय काम हवं आहे, आणि आपलं परसू तिला किती पोसू शकतं, यावर निवड करावी.

१. लहान कोणती, मोठी कोणती?

पाश्चात्य देशांत अगदी ठेंगण्या कोंबडीला ‘बँटम’ म्हणतात. जावा बेटावरील बँटम या बंदरावरून हे नाव पडले. या कोंबड्या अर्धा-पाऊण किलोच्या, अंडंही त्या मानानं लहान. त्या हौसेनं पाळतात. आपल्याला संसार चालवायचा आहे, तेव्हा त्यांचा विचार इथेच सोडू.

आपल्याकडची लहान कोंबडी म्हणजे गावरान. मादी एक ते दीड किलोची, अंडं ४० ग्रॅमच्या आसपास, वर्षाला ५० ते ७० अंडी. मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कडकनाथ हीसुद्धा हलक्या अंगाचीच. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ती अंड्यांवर नीट बसत नाही, हे घेण्याआधी ध्यानात ठेवावं.

मोठ्या अंगाच्या सुधारित जातींत वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची आणि गिरिराजा ही बंगळूरची. वनराजाची मादी सव्वादोन-अडीच किलो भरते, परसात वर्षाला १०० ते ११० अंडी देते. हैदराबादचीच ग्रामप्रिया या दोहोंच्या मधली आहे. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, पण अंडी १६० ते १८०. म्हणजे अंग मोठं म्हणून अंडी जास्त, हा समज खरा नाही.

२. खाण्याचा हिशेब

कोंबडी फुकट चरते असं आपण म्हणतो. ते खरं, पण परसाला मर्यादा आहे. उकिरड्यातले किडे, सांडलेली बाजरी-गहू, उरलंसुरलं अन्न, नांगरामागं निघालेली हुमणी, हे सगळं मिळून ठरावीकच. समजा, आपल्या परसातून रोज ६०० ग्रॅम खाणं निघतं आणि आपल्याकडे दहा माद्या आहेत.

गावरान : प्रत्येकी सुमारे ७० ग्रॅम, म्हणजे दहांना ७०० ग्रॅम. तूट रोज १०० ग्रॅम, वर्षाला सुमारे ३६ किलो. अंडी ६००.

ग्रामप्रिया : प्रत्येकी सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे दहांना १ किलो. तूट रोज ४०० ग्रॅम, वर्षाला १४६ किलो. अंडी १६००.

वनराजा : प्रत्येकी सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे दहांना १ किलो २०० ग्रॅम. तूट रोज ६०० ग्रॅम, वर्षाला २१९ किलो. अंडी १०५०.

आता गावरानशी ताडून पाहू. ग्रामप्रियानं १००० अंडी जास्त दिली, त्यासाठी ११० किलो दाणा जास्त लागला. म्हणजे एका वाढीव अंड्यामागं ११० ग्रॅम. वनराजानं ४५० अंडी जास्त दिली, पण दाणा लागला १८३ किलो जास्त. एका वाढीव अंड्यामागं ४०० ग्रॅम! दाण्याचा आणि अंड्याचा आजचा भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने घरी करून पाहावा. परसातलं खाणं कमी-जास्त असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. नुसत्या अंड्यांसाठी वनराजा ठेवणं परवडत नाही. तिचा उपयोग नरांसाठी. तीन-साडेतीन महिन्यांत नर विकायला येतो आणि गावरानपेक्षा कितीतरी भरतो. दुसरी गोष्ट, ग्रामप्रिया परवडते, पण दाणा घातला तर. तिला गावरानसारखी उकिरड्यावर सोडून दिली तर कागदावरची १६० अंडी कागदावरच राहतील. उलट वनराजाच्या तलंगेला भरमसाट दाणा घालू नये. ती चरबीनं जड होते आणि अंडी घटतात.

३. पिलं कोण काढणार?

इथं गावरान कोंबडीची खरी किंमत कळते. ती बारा-पंधरा अंडी घालून खुडूक होते. आपण म्हणतो, ‘बसली, आता अंडी बंद.’ पण हीच आपली घरची उबवणी. वीज नको, बल्ब नको. २१ दिवस बसते, पिलं काढते, घार दिसली की पंखाखाली घेते आणि चरायला शिकवते. सुधारित जातींतला हा गुण अंड्यांसाठी निवड करता करता जवळजवळ गेला आहे. त्यांची पिलं दर खेपेला विकत आणावी लागतात.

‘घरच्याच वनराजाची अंडी गावरानखाली ठेवली तर?’ असं कुणी विचारील. पिलं निघतील, पण आईसारखी निघतील याची खात्री नाही. ऊस आपण कांडीपासून लावतो, त्यामुळे को ८६०३२ ची कांडी लावली की को ८६०३२ च उगवतो. कोंबडीचं तसं नाही. या जाती संकरातून केलेल्या. संकरित बाजरीचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरल्यावर जे होतं, तेच इथं होतं : पुढच्या पिढीत वाढ आणि अंडी दोन्ही उतरतात.

आणखी एक गोष्ट नराची. वनराजाचा जड नर गावरान माद्यांत सोडला तर त्यांच्या पाठी सोलवटतात. हलका नर जड माद्यांना पुरा पडत नाही. आठ-दहा माद्यांना एक नर पुरे, पण तो त्यांच्या अंगाला जुळणारा असावा.

४. ऊन, घार आणि उसातला बिबट्या

श्रीरामपूर, बेलापूर, टाकळीभानकडचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. पारा चाळिशीपार जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. जितकं अंग जड, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला अवघड. म्हणून उन्हाळ्यात जड कोंबडी आधी मान टाकते, हलकी निभावते. मोठी जात ठेवायची तर लिंबाची दाट सावली, मातीच्या भांड्यात गार पाणी आणि खुराड्यावर ओलं पोतं हवंच.

दिवसा घार, बोका आणि मुंगूस. गावरान उडून झाडावर, छपरावर जाते, जड कोंबडीला ते साधत नाही. पण याच उडण्यापायी गावरान शेजाऱ्याच्या मेथीत शिरते आणि भांडण लावते, हेही खरं.

रात्रीचं मात्र लहान-मोठं असं काही नाही. आपल्या उसात बिबट्या राहतो. कोंबड्या, शेळ्या, कुत्री यांच्या मागं तो वस्तीपर्यंत येतो. म्हणून गावरान असली तरी झाडावर झोपू देऊ नये. खुराडं घराला लागून, जमिनीपासून उंच, पक्क्या जाळीचं असावं आणि दिवस मावळायच्या आत बंद व्हावं. कोंबड्या राखायला अंधारात बाया-पोरांनी उसाच्या कडेला जाऊ नये. कोंबडी गेली तर दुसरी येते.

उसाला टाकायची दाणेदार औषधं, युरिया आणि उंदरांची गोळी यांपासून कोंबड्या दूर ठेवाव्यात. सांडलेला एक घास कळप बसवू शकतो.

५. मानमोडी : एकट्याचं काम नव्हे

जात कोणतीही निवडा, मानमोडी म्हणजे राणीखेत आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. ‘गावरानला रोग होत नाही’ हा भ्रम आहे. गावरान काटक आहे, पण मानमोडीपुढं तीही टिकत नाही. आजारी पडल्यावर उपाय नाही, आधी लस हाच उपाय. पिलू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लसीचा थेंब, पुढं दोन महिन्यांच्या सुमारास आर टू बी लस, शिवाय देवीची लस. नेमकी वेळ पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी.

अडचण अशी, की लसीच्या एका कुपीत शंभरावर मात्रा असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून लस राहून जाते. इथं सहकार कामाला येतो. वस्तीवरल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवावा, एकाने बर्फात कुपी आणावी आणि सगळ्यांनी भल्या पहाटे कोंबड्या खुराड्यातच धरून ठेवाव्यात. पैसा वाटून घ्यावा. गळीत हंगामाआधी हे काम उरकलेलं बरं. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोंबड्याही येतात, बाजारातून नव्या येतात, आणि सगळ्या एकाच उकिरड्यावर चरतात. मजुरांच्या कोंबड्यांनाही त्याच कुपीतून लस द्यावी, त्यात त्यांचं आणि आपलं दोघांचं भलं आहे.

एकदम मर लागली तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा कॅनॉलमध्ये टाकू नयेत, चुना घालून खोल पुराव्यात आणि दवाखान्याला लगेच कळवावं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्ल्यू आला, तेव्हा निरोगी दिसणारे पक्षीसुद्धा लाखांनी नष्ट करावे लागले. वेळीच कळवणं किती मोलाचं, हे त्यावरून समजावं.

६. मग ठेवावं तरी काय?

आमचा सल्ला असा, की लहान की मोठी हा वाद न घालता दोघींना आपापलं काम द्यावं.

• चार-पाच गावरान माद्या आणि एक गावरान नर कायम ठेवावा. यांचं काम पिलं काढणं आणि सांभाळणं.

• ज्या घरी रोज दाणा घालणं जमेल आणि अंडी विकायची सोय असेल, त्यांनी चार-पाच ग्रामप्रिया जोडाव्यात. जमणार नसेल तर गावरानवरच थांबावं, त्यात कमीपणा नाही.

• नर विकायचे असतील तर वनराजाची एक दिवसाची दहा-बारा पिलं आणून, अंड्यांवर बसून पंधरा-वीस दिवस झालेल्या खुडूक गावरानखाली रात्री अंधारात अलगद सोडावीत आणि तिची अंडी काढून घ्यावीत. सकाळी ती आपलीच समजून घेते. आईसह पिलांना तीन आठवडे डालग्याखाली ठेवावं आणि दीड महिना पिलांचा तयार दाणा द्यावा. जमलं तर बल्बचा आणि भारनियमनाचा घोर राहत नाही. एखादी कोंबडी टोचा मारते, म्हणून पहाटे उठून एकदा पाहावं.

• एकूण कळप परसाच्या पोटापलीकडे जाऊ देऊ नये. नर वेळेवर विकावेत. सणाची वाट पाहत महिनाभर जादा पोसलेला नर पुष्कळदा वाढीव भावापेक्षा जास्त खाऊन जातो.

शेवटी एक विनंती. कोणती जात आणायची हे घरातल्या पुरुषाने बाजारात उभ्या उभ्या ठरवू नये. खुराडं उघडणारी, दाणा टाकणारी आणि खुडूक कोंबडी ओळखणारी घरची बाई आहे. वरचा हिशेब तिच्यासोबत बसून मांडावा, आणि शेवटचा शब्द तिचा असावा.