‘मला हे जमणार नाही’: हीनमान आणि राहुलाचा आरसा



या वेळच्या अभ्यासासाठी मनातल्या कमीपणाच्या भावनेचा विषय घेतला आहे. उदाहरण अगदी घरगुती आहे: मोठ्या वयात गाडी चालवायला शिकणे. आपल्यापैकी कितीतरी जण, विशेषतः भगिनी, ब्रिटनमध्ये येऊन दहा-पंधरा वर्षे झाली तरी गाडी चालवत नाहीत. बस आहे, ट्रेन आहे, घरात दुसरे कोणी चालवणारे आहे, अशी कारणे आपण सांगतो. ती खोटी नसतात. पण त्यांच्या आड पुष्कळदा एक वाक्य लपलेले असते: “मला हे जमणार नाही.”

मी स्वतः ४४व्या वर्षी शिकायला सुरुवात केली. रविवारी मुलांना धम्मवर्गाला न्यायचे तर दोन बस बदलाव्या लागत आणि पतीची त्या दिवशी कामाची पाळी असे. थिअरीची परीक्षा पहिल्याच वेळी पास झाले. ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. पुस्तक घेऊन बसायची सवय होती, ते जमले. अडचण रस्त्यावर आली.

एके दिवशी राउंडअबाउटवर थांबले होते. उजवीकडून येणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचे, हा नियम. मोकळी जागा आली, मी गेले नाही. पुन्हा आली, तरी गेले नाही. शेजारी बसलेले इन्स्ट्रक्टर “आता निघा” म्हणाले, तेव्हा घाईने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजला. त्या क्षणी मनात एक वाक्य उमटले, तेही मराठीत: “तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही.”

घरी आल्यावर विचार केला, हे ‘तुमच्याच्यानं’ कुठून आले? मी स्वतःशी बोलत होते तर ‘माझ्याच्यानं’ यायला हवे होते. मग आठवले. सातवीत गणिताच्या तासाला आमच्या वस्तीतल्या मुलींकडे पाहून एक गुरुजी हेच म्हणत असत. तीस वर्षे झाली, देश बदलला, पण वाक्य माझ्याबरोबर आले होते आणि आता ते मीच मला ऐकवत होते.

ही कोणती शंका?

ध्यानाच्या आणि शिकण्याच्या वाटेत अडथळा आणणारी पाच नीवरणे आपण शिकलो आहोत: कामच्छंद, ब्यापाद, थिनमिद्ध, उद्धच्च-कुक्कुच्च आणि विचिकिच्छा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबही सम्यक समाधी समजावताना याच अडथळ्यांची यादी देतात आणि शेवटी शंका व अनिश्चय यांचा उल्लेख करतात. सामञ्ञफल सुत्तात या नीवरणांना कर्ज, आजार, तुरुंग, गुलामी आणि धोक्याच्या ओसाड वाटेवरचा प्रवास अशा उपमा आहेत. विचिकिच्छेला प्रवासाची उपमा आहे, हे लक्षात घ्यावे. शंकेत सापडलेला माणूस धड पुढे जात नाही, धड मागे येत नाही. राउंडअबाउटवर माझे तेच झाले होते.

पण काटेकोरपणे पाहिले तर विचिकिच्छा म्हणजे बुद्ध, धम्म, संघ आणि शिकवणीचा मार्ग यांविषयीचा अनिश्चय. प्रश्न विचारणे म्हणजे विचिकिच्छा नव्हे. तपासून घ्या, असेच तथागतांनी कालामांना सांगितले. माझी शंका मार्गाविषयी नव्हती. सराव केला की माणसे गाडी चालवायला शिकतात, हे मला मान्य होते. ‘माणसे शिकतात, पण मी नाही’ एवढेच माझे म्हणणे होते. या विचाराचे मूळ शोधायला धम्मात दुसऱ्या ठिकाणी पाहावे लागते.

हीन समजणे हाही मानच

मान म्हणजे अहंकार, एवढेच आपल्याला साधारणपणे माहीत असते. पण तथागतांनी मानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी श्रेष्ठ आहे, हा सेय्यमान. मी बरोबरीचा आहे, हा सदिसमान. मी हीन आहे, हा हीनमान. तिन्ही ठिकाणी मन एकच काम करते: ‘मी’ला फूटपट्टी लावते आणि दुसऱ्याशी मोजते. फक्त उत्तर वेगवेगळे येते.

येथे गैरसमज होऊ नये. हीनतेला मान म्हणणे म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दोष देणे नव्हे. जातीने आपल्यावर लादलेली हीनता बाहेरून आली. ते अकुशल कर्म लादणाऱ्याचे. ती फूटपट्टी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला धम्माची वाट दाखवली. पण बाहेरची फूटपट्टी मोडली तरी मनावर तिचे वळ राहतात. ते ओळखणे हे ज्याचे त्याला करावे लागते.

म्हणूनच “तू कोणापेक्षा कमी नाहीस” असे स्वतःला बजावून माझे काम झाले नाही. हे वाक्य खरे आहे, प्रेमाने म्हटलेले आहे. पण तेही मोजणेच आहे. पुढच्या वेळी गाडी बंद पडेपर्यंत ते टिकते. मग मन लगेच म्हणते, “बघ, कमीच निघालीस.”

आणखी एक गोष्ट. दहा संयोजनांपैकी विचिकिच्छा सोतापन्न अवस्थेत सुटते. मान मात्र शेवटच्या पाचांत आहे, तो अरहंत अवस्थेतच पूर्ण सुटतो. तेव्हा ‘इतकी वर्षे वंदना घेते, तरी मनात असे विचार येतात’ अशी लाज धरू नये. तो विचार येणारच. आला की त्याला नावाने ओळखायचे: हा हीनमान.

कासरा कोणाच्या हातात

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या बाबासाहेबांच्या आठवणी आपण वाचल्या आहेत. त्यांतल्या दोन आठवणी गाडी हाकण्याच्याच आहेत, हे शिकायला लागल्यावर माझ्या ध्यानात आले.

पहिली १९०१ सालची. लहान भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. मुलांच्या हाती कासरा आला तो विटाळामुळे.

दुसरी १९२९ सालची, चाळीसगावची. तांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. पाहुण्यांनी पायी चालावे हे आपल्या माणसांना बरे वाटेना, म्हणून त्यांनी तांगा घेतला आणि त्यांच्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला सराव नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, तांगा कोसळला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. पुढे या प्रसंगाविषयी लिहिताना त्यांनी त्या हाकणाऱ्याला नालायक ठरवले नाही. ते कारणापर्यंत गेले. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी आपल्या माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आणि त्याच्याही मागे, एक तांगेवाला बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षाही स्वतःला श्रेष्ठ समजतो, ही गोष्ट दाखवली. तो सेय्यमान होता.

यातून मी एवढे घेतले: सराव नसणे म्हणजे हीन असणे नव्हे. सराव नसणे म्हणजे फक्त सराव नसणे. ती उणीव स्वाभिमानाने भरत नाही आणि रडूनही भरत नाही. ती सरावानेच भरते.

राहुलाचा आरसा

मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. मग ते सांगतात की तसेच आपल्या कायेच्या, वाचेच्या आणि मनाच्या कर्माकडे पाहत जा: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. त्याने स्वतःचे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते का? होत असेल तर थांब. चूक झालीच असेल तर गुरूंना किंवा जाणत्या सोबत्याला मोकळेपणाने सांग आणि पुढे सावध राहा. कर्म कुशल असेल तर आनंदाने तसेच शिकत राहा. राहुलाला दिलेला हा उपदेश सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुनी आणि उपासक-उपासिकांना मुद्दाम ऐकायला सांगितला आहे.

या उपदेशात ‘मी कसा आहे’ असा प्रश्न कुठेच नाही. ‘हे कर्म कसे आहे’ एवढाच प्रश्न आहे.

गाडी चालवतानाही पहिला धडा आरशाचाच असतो. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळणे. मी आरशात पाहत होते, पण काय पाहत होते? मागची गाडी किती दूर आहे, हे पाहत नव्हते. मागचा माणूस चिडला आहे का, मला हसतो आहे का, हे पाहत होते. आरसा रस्त्यासाठी होता आणि मी त्यात स्वतःची किंमत शोधत होते.

माझी प्रत्यक्ष परीक्षा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मी नापास झाले. सुमारे ४० मिनिटांच्या परीक्षेत किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात. गंभीर चूक एक झाली तरी नापास. पहिल्या वेळी गंभीर चूक होती विनाकारण थांबून राहण्याची. दुसऱ्या वेळी आरशात न पाहता लेन बदलण्याची. निकालाचा कागद मी बरेच दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मग एकदा राहुलाच्या पद्धतीने तो वाचला. त्यात आरसा, सिग्नल, क्लच, वेग अशा एकेका कृतीची नोंद होती. माणूस हीन की श्रेष्ठ, यासाठी त्यात रकाना नव्हता.

वीणेची तार

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या वेळी अडखळले म्हणून दुसऱ्या वेळी अडखळायचेच नाही असे ठरवले होते, आणि त्या घाईत आरसा राहिला. सोण कोळिविस भिक्खूंची गोष्ट आठवली. चंक्रमण करून त्यांच्या पायांतून रक्त आले, तरी फळ दिसेना, तेव्हा घरी परतावे असे त्यांना वाटू लागले. ते पूर्वी वीणा उत्तम वाजवत. भगवंतांनी त्यांना विचारले, तार फार ताणलेली असली तर वीणा वाजते का? फार सैल असली तर? प्रयत्नही तसाच हवा, फार ताणलेला नको आणि सैलही नको.

क्लच ज्यांनी शिकला आहे त्यांना हे पायाने कळते. झटक्यात सोडला तर गाडी बंद पडते, दाबून धरला तर हलत नाही.

रोजच्या सरावासाठी

१. गाडी सुरू करण्यापूर्वी तीन श्वास आनापानसतीचे. स्टिअरिंगवरची पकड घट्ट झाली असेल तर सैल करा.

२. ‘मला जमणार नाही’ हा विचार आला तर त्याच्याशी वाद घालू नका. ‘हीनमान’ एवढे मनात म्हणा आणि पुढची कृती करा: आरसा, सिग्नल, वळण. हे पटकन होत नसेल तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या.

३. शिकवणी संपल्यावर दोनच ओळी लिहा. कोणती कृती चुकली? कोणती बरोबर झाली? ‘मी’ने सुरू होणारे वाक्य लिहू नका.

४. चूक जाणत्या माणसाला सांगा. “अजून तयारी नाही” असे इन्स्ट्रक्टर म्हणाले तर तो अपमान समजू नका. रस्त्यावर दुसऱ्यांचेही जीव असतात; त्यांची काळजी घेणे हे शीलच आहे.

५. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला मनातल्या मनात मैत्री द्या. आणि उद्या आपल्या पुढे एल-प्लेटची गाडी बंद पडली तर आपला हात हॉर्नवर जाऊ देऊ नका.

माझी तिसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. हा लेख पास झाल्यावरच द्यावा, असे आधी मनात होते. नापास बाईने काय शिकवावे, असे वाटले. मग त्या विचाराकडेही पाहिले. तोही मानच होता. म्हणून आजच लिहून दिला.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

• ‘मला जमणार नाही’ असे तुम्ही कोणत्या गोष्टीबद्दल म्हणता? ते वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकले होते?

• स्वाभिमान आणि सेय्यमान यांत फरक काय?

• आपण मुलांच्या चुका सांगताना त्यांच्या कृतीबद्दल बोलतो की त्यांच्याबद्दल?

भवतु सब्ब मंगलं.