केमोच्या दिवसांतील नमाज आणि रोजा

म्हसवड परिसरातील कर्करोगाचे रुग्ण उपचारासाठी कोणी मिरजेला जातात, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, तर कोणी १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयात. केमो घेऊन घरी परतले की ओकाऱ्या, तोंड येणे, केस गळणे सुरू होते. उठून बसण्याचेही बळ राहत नाही. अशा वेळी घरातील कोणीतरी हळूच विचारते, "नमाजचे काय?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर आपण पुष्कळदा कोणालाही न विचारता स्वतःच देऊन टाकतो.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आदरणीय जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली घटना आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल आवश्यक झाले. पाणी उपलब्ध असताना तयम्मुमची सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्याने गुस्ल केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले; ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असे त्यांनी खडसावले. ते सोबती दुष्ट नव्हते. आपल्यासारखेच दीनची काळजी वाहणारे होते.

म्हणून डॉक्टरांनी पाणी वर्ज्य सांगितले असेल तर रुग्णाने निःसंकोच तयम्मुम करावा. हनफी मतानुसार दगडावर धूळ असणे आवश्यक नाही. केमोत प्रतिकारशक्ती घटते, म्हणून खाटेजवळ मातीऐवजी स्वच्छ धुऊन वाळवलेला दगड ठेवणे उत्तम. हातावरील नळीची पट्टी भिजवू नये. उरलेला भाग धुऊन पट्टीवरून ओला हात फिरवावा, आणि तेही अपायकारक असेल तर तेवढा भाग सोडून द्यावा. किरणोपचारासाठी त्वचेवर काढलेल्या खुणा घासून पुसू नयेत. तोंडभर ओकारी झाल्यास हनफी मतानुसार वुजू तुटते, थोडीशी झाल्यास नाही. उभे राहणे अशक्य असेल तर बसून, तेही न जमल्यास पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज अदा करावी, इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) हाच क्रम सांगितला होता.

रोजाविषयी कुरआनचा आदेश स्पष्ट आहे (अल-बकरा : १८५) : आजाऱ्याने इतर दिवशी संख्या पूर्ण करावी. सलाइनने रोजा तुटतो की नाही, हा वाद रुग्णाच्या खाटेपाशी घालण्याचे कारणच नाही. बरे होण्याची आशा असेल तर कजा आहे, फिदिया नव्हे. फिदिया देऊन मोकळे होण्याची घाई अनेक घरांत होते. पुढे प्रकृती सुधारली तर ते रोजे ठेवावेच लागतात. आणि त्याच आजारात मृत्यू आला, कजा करण्याइतकी सवड मिळालीच नाही, तर हनफी मतानुसार त्या रोजांचे कोणतेही ऋण उरत नाही. मुलांनी ही गोष्ट आई-वडिलांना वेळीच सांगावी. पुष्कळ वृद्ध याच ओझ्याने तळमळतात.

आजाऱ्याची विचारपूस ही सुन्नत आहे; पण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात खोलीत गर्दी नको, रुग्णाने जमाअतसाठीही जाऊ नये. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भेटायला जाणाऱ्याने दारातूनच दुआ करावी, आणि पुढच्या तारखेला सोबत कोण जाणार आहे, एवढे घरच्यांना विचारून घ्यावे.