हजेरीपटावरील नावे : त्यांचे अर्थ व उगम

शाळेचा दिवस हजेरीने सुरू होतो. शिक्षक नाव उच्चारतात, मूल ‘हजर’ म्हणते आणि पुढचे नाव येते. वर्षभर रोज उच्चारली जाणारी ही नावे म्हणजे गावाच्या इतिहासाचे एक लहानसे पुस्तकच होय.

प्रथम आडनावे पाहू. कित्येक आडनावे जुन्या कारभारातील हुद्द्यांवरून आली. पाटील हा गावाचा मुख्य, कुलकर्णी हा गावचे दप्तर राखणारा, देशमुख व देशपांडे हे परगण्याचे वतनदार, तर पोतदार हा नाण्यांची पारख करणारा. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून फडणीस, चिटणीस हे शब्द मराठीत रुळले. ‘ज्योतिषी’ या शब्दाचा जोशी झाला. सुतार, लोहार यांत धंदा उघडच दिसतो. गावाच्या नावास ‘कर’ लागून चिपळूणकर, सातारकर, पेडणेकर अशी आडनावे बनली. असे आडनाव बहुधा गाव सोडून गेलेल्यास मिळते. गावातच सारे त्या गावचे असताना त्याची गरज भासत नाही.

आता मुलांची नावे. विठ्ठल, पांडुरंग, रुक्मिणी ही नावे भक्तीतून आली, हे सांगावयास नको. परंतु दगडू, धोंडू, केरू, भिकू या नावांना वर्गात हसे होते. त्यांमागील समजूत अशी की, ज्या घरी आधीची मुले दगावली, तेथे पुढच्या मुलास हलके नाव ठेवावे, म्हणजे त्यास दृष्ट लागणार नाही. दगडू दगडासारखा टिकावा. भिकू देवापाशी भीक मागून मिळालेला. ओबडधोबड दिसणाऱ्या या नावांत आईबापांची माया व धास्ती साठलेली आहे.

‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ हे नाव मात्र निराळे. मुलींमागून मुली झाल्या, आता तरी मुलगा व्हावा, म्हणून ते ठेवले जाई. तेथे मूल जगावे ही तळमळ नसून मुलगी नको हे सांगणे आहे. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपल्या पटावर असे नाव आढळल्यास शिक्षकांनी पालकांची भेट घ्यावी. नाव बदलणे पालकांच्या लेखी अर्जावरून व नियमांप्रमाणेच व्हावयाचे. परंतु त्यांना प्रेमाने समजावणे आपल्या हाती आहे.

चौथीच्या वर्गात हा पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल. ‘माझे नाव कोणी व का ठेवले?’ हा प्रश्न मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारावा व दुसऱ्या दिवशी चार-पाच वाक्ये लिहून आणावीत. ज्या मुलास सांगावयाचे नसेल, त्यास आग्रह करू नये. आडनावावरून कोणाची जात विचारू नये व इतरांना विचारू देऊ नये. दगडू किंवा भिकू हे नाव निघताच हसू फुटण्यापूर्वी शिक्षकांनीच त्याचा अर्थ सांगावा.

ज्याच्या नावास काल वर्ग हसला, ते मूल आज मान वर करून ‘हजर’ म्हणाले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.